आभाळाला पाजलेले पाणी

मी मराठी शिकवतो. रॉकेट या विषयावर लिहिण्याचा मला काडीचाही अधिकार नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. अकरावीला विज्ञान शाखेत प्रवेश घेतला होता, सहामाहीपर्यंत टिकलो. पुस्तके इंग्रजीत होती, आणि माझे इंग्रजी भोकरदन तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत जेवढे मिळत असे तेवढेच होते. मग कला शाखा, मग मराठी, मग जालन्यात अध्यापन. त्या अर्धवट राहिलेल्या वर्षाविषयी मी फारसा कधी बोललो नाही. पण २०१२ च्या दिवाळीत माझ्या भाचीने मला एक प्रश्न विचारला आणि पुढचे पाच महिने ते वर्ष पुन्हा माझ्या मागे लागले.

भाची तेव्हा नववीत. ताईचे सासर बदनापूर तालुक्यात, मोसंबीच्या पट्ट्यात. भाऊबीजेला गेलो तेव्हा तिच्या हातात 'अग्निपंख' होते. मीच दिलेले, आणि दिल्यानंतर विसरलेले. तिने विचारले, "मामा, आपल्याला सगळ्यात उंच जाणारं रॉकेट करायचं असेल तर आधी काय ठरवावं लागतं?" मी म्हणालो, बघून सांगतो. शिक्षकाचे हे ठेवणीतले उत्तर असते.

दिवाळीच्या बाणातली दारू काढून नळीत भरावी, असा तिचा पहिला विचार होता. तो मी तिथेच मोडून काढला. परदेशात शाळकरी मुलांना अशा छोट्या रॉकेटांची तयार इंजिने दुकानात मिळतात. आपल्याकडे ती सहजासहजी मिळत नाहीत, आणि घरी दारू कुटण्याच्या आड १८८४ चा स्फोटकांचा कायदा येतो. कायदा नसता तरी चौदा वर्षांच्या मुलीची बोटे येतातच. राहिला पाण्याचा मार्ग. थंड पेयाची दोन लिटरची बाटली घ्यायची, तिच्यात काही पाणी भरायचे, उरलेल्या जागेत सायकलच्या पंपाने हवा कोंबायची आणि तोंड खाली करून सोडून द्यायची. हवा पाण्याला खाली ढकलते, पाणी बाटलीला वर. न्यूटनचा तिसरा नियम आठवीपासून आपण सगळेच घोकत आलो आहोत. तो भिजवतोही, हे मला तेव्हा कळले.

यात एक अडचण होती आणि ती विज्ञानाची नव्हती. ते वर्ष दुष्काळाचे होते. १९७२ नंतर असा दुष्काळ पाहिला नाही, असे जुनी माणसे सांगत. गावात टँकर येत होता. रांगेत लावलेल्या घागरींवरून भांडणे होत होती, आणि या घरात एक मुलगी दर उड्डाणाला पाऊण लिटर पाणी हवेत उडवणार होती. ताईच्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी कंबरेवर हात ठेवून विचारले, "माणसाला प्यायला न्हाई, अन् तुमी आभाळाला पाजता व्हय?"

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. भाचीजवळ होते. तिने दोन गोष्टी ठरवल्या. पाणी भांडी विसळलेले घ्यायचे, फडक्यातून गाळून. आणि उडवायचे ते बागेच्या कडेच्या मोसंबीच्या आळ्यातून. बाटलीतले पाणी पहिल्या क्षणातच, बाटली पुरुषभर दोन पुरुष वर जाईतो, संपून जाते. पुढचा सगळा प्रवास रिकाम्या बाटलीचा असतो. म्हणजे पाणी जिथल्या तिथेच पडते. तिने ते एका उड्डाणात ताडले होते, कारण भिजली तीच होती. आजीला हे पटले. झाडाला मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही. साठेक उड्डाणांत मिळून चाळीस लिटर पाणी पडले असेल, आणि वाढलेल्या मोसंबीला उन्हाळ्यात तेवढे एकदोन दिवसांतच लागते. पण दुष्काळात पाणी किती यापेक्षा ते कुठे सांडले याकडे माणसांचे लक्ष अधिक असते.

पहिली रचना बुचाची. रबरी बुचातून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह ओवला, बूच बाटलीच्या तोंडात दाबून बसवले आणि पंप मारत राहिलो. हवा पुरेशी झाली की बूच आपोआप निसटते. ती केव्हा पुरेशी होईल हे बूच ठरवते, आपण नाही. उंची मोजण्यासाठी कंपासपेटीतला कोनमापक, त्याला दोऱ्याने बांधलेले एक नट, आणि वीस मीटरवर उभा असलेला मी. रॉकेट शिखरावर पोचले की त्याच्याकडे नेम धरायचा आणि दोरा कुठे टेकतो ते पाहायचे. एकोणतीस अंश. त्रिकोणमिती तिला अजून येत नव्हती. तिने आलेखाच्या कागदावर त्रिकोण काढला आणि पट्टीने मोजून उंची सांगितली: अकरा मीटर, अधिक माझ्या डोळ्यांची उंची.

मी रात्री शोधून तिला एक माहिती दिली. अमेरिकेत रॉबर्ट गॉडार्डने द्रवरूप इंधनावर चालणारे जगातले पहिले रॉकेट १६ मार्च १९२६ रोजी उडवले, आपल्या आत्याच्या शेतावर. ते अडीच सेकंद उडाले, साडेबारा मीटर उंच गेले आणि कोबीच्या वाफ्यात पडले. भाची हिशेब करून म्हणाली, "म्हणजे मामा, तुमचे डोळे धरून आपण त्यांच्या थोडेच खाली आहोत." तिला गॉडार्डपेक्षा आत्याचे शेत अधिक आवडले असावे.

त्यानंतर आमचा खरा अभ्यास सुरू झाला. रॉकेट उंच न्यायचे म्हणजे ते हलके करायचे, अशी माझी समजूत होती आणि वाचकांपैकी अनेकांची असेल. भाचीने बाटलीवरचे लेबलसुद्धा सोलून काढले होते. हलकी बाटली सुटायची मात्र झकास, आणि लगेच हवेत अडखळल्यासारखी थांबायची. याचा उलगडा आजीने केला. जोंधळ्याच्या राखणीत तिने आयुष्यभर गोफण चालवलेली. ती म्हणाली, "गोफणीत भुस्काट घालून फेकलं तर जाईल का लांब? खडा लागतो." झाले होते ते हेच. इंधन संपल्यावर रॉकेटला वर नेतो तो त्याने कमावलेला वेग, आणि त्या वेगाला हवा अडवत असते. फार हलकी वस्तू मिळालेला वेग पाहता पाहता गमावून बसते. फार जड केली तर मुळात वेगच कमी मिळतो. दोहोंच्या मध्ये कुठेतरी एक वजन असते. ते शोधण्यासाठी तिने टोपणाच्या शंकूत काळी माती भरून दहा-दहा ग्रॅमने वाढवत उड्डाणे केली, आणि पन्नासच्या आसपास उंची सर्वांत जास्त येऊन पुढे उतरत गेली.

पाण्याचेही तसेच. पाणी जास्त भरले तर हवेला जागा राहत नाही, म्हणजे ढकलणारा दुबळा. पाणी कमी भरले तर ढकलणारा दांडगा, पण ढकलायला काही नाही. बाटलीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पाणी सर्वांत चांगले, हे जगभरच्या पोरांनी शोधून ठेवलेले आहे. तिने ते पुन्हा शोधले. मी सांगितले असते तर वीस उड्डाणे वाचली असती, पण तिने मला सांगू दिले नाही.

या सगळ्यामागचे सूत्र १९०३ साली कॉन्स्टंटिन त्सिओलकोवस्की याने प्रसिद्ध केले. हा गृहस्थ मॉस्कोपासून दूर कालुगा नावाच्या गावात शाळामास्तर होता. लहानपणीच्या आजाराने ऐकू येणे बहुतेक गेलेले. रॉकेटला मिळणारा वेग दोन गोष्टींवर ठरतो, असे ते सूत्र सांगते: मागे टाकलेले द्रव्य किती वेगाने बाहेर पडते, आणि भरलेल्या रॉकेटचे वजन रिकाम्याच्या किती पट आहे. आमच्या बाटलीतले पाणी चार वातावरणांच्या दाबाखाली सेकंदाला सुमारे अठ्ठावीस मीटर वेगाने बाहेर पडे. खऱ्या रॉकेटाच्या ज्वाळेचा वेग त्याच्या शंभरपट आसपास असतो. पण सूत्र एकच. एका बहिऱ्या मास्तराने पृथ्वी सोडून जाण्याचा हिशेब मांडावा, याचे मला फार अप्रूप वाटले. आपल्याकडचे मास्तर काय मांडतात, हा प्रश्नही मनात आला. पण तो स्वतःलाच विचारायचा होता म्हणून पुढे नेला नाही.

आता माझ्या प्रांतात येतो. रॉकेट सरळ उडण्यासाठी त्याचा गुरुत्वमध्य पुढे असावा लागतो आणि हवेचा दाब ज्या बिंदूवर एकवटतो तो बिंदू मागे. शेपटाचे पंख असतात ते यासाठी. आमचे पहिले पंख पुठ्ठ्याचे होते. ते भिजून लोळले. दुसरे जाहिरातीच्या पाट्यांना वापरतात त्या पोकळ प्लास्टिकच्या पत्र्याचे, ते टिकले. रॉकेट सरळ जाईल की कोलांट्या खाईल हे न उडवताही कळते. ते जिथे समतोल राहते तिथे दोरा बांधून डोक्याभोवती गरगर फिरवायचे. नाक पुढे धरून फिरले तर पास. आजी हे पाहून हसली. तिला वाटले, नात शेवटी गोफणच शिकतेय.

या दोन बिंदूंना मी तिला शब्द दिले: 'गुरुत्वमध्य' आणि 'दाबकेंद्र'. तिच्या वहीत मात्र वेगळेच शब्द होते. 'जड जागा' आणि 'वाऱ्याची जागा'. जड जागा पुढे, वाऱ्याची जागा मागे. मी ते खोडून माझे घातले. प्रदर्शनात असे चालायचे नाही, असे म्हणालो. विज्ञानाची मराठी कशी असावी यावर मी दोन परिसंवादांत बोललेलो आहे. साहजिकच आपल्याला कळते अशी माझी खात्री होती.

'अग्निबाण' या शब्दावरही आमचा वाद झाला. तिचे म्हणणे, आपल्या रॉकेटात अग्नी कुठे आहे? मी तिला सांगितले की मराठीत 'बाण' हा शब्द एकटाच पुरे होता. पेशवेकालीन कागदांत तोफांच्या जोडीने बाण येतात ते धनुष्याचे नव्हेत. दारू ठासलेल्या नळीला काठी जोडलेले ते रॉकेटच. त्या काळच्या कारकुनाला 'अग्नी' वेगळा सांगावा लागला नाही. पुढे रॉकेट हा शब्द इंग्रजीतून आला, त्याला प्रतिशब्द हवा झाला, आणि आपल्याच घरातला बाण आपण अग्नी लावून परत घेतला. फटाक्यांच्या दुकानात मात्र तो बाणच राहिला. भाषेत असे पुष्कळदा होते: विद्वान शब्द घडवत असतात आणि शब्द तिकडे दुकानात विकला जात असतो.

बाणांचा विषय निघाला की मला असई आठवते. १९८१ च्या १ मेला जालना जिल्हा वेगळा झाला तेव्हा भोकरदनबरोबर असईही या जिल्ह्यात आली. आमचे मूळ गाव तिथून फार दूर नाही. नांगरताना तोफेचे गोळे निघतात असे लहानपणी ऐकत आलो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात आर्थर वेल्स्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवले. हाच वेल्स्ली चार वर्षे आधी, एप्रिल १७९९ मध्ये, श्रीरंगपट्टणजवळच्या सुलतानपेठच्या राईत रात्रीच्या अंधारात टिपूच्या बाणांच्या वर्षावाने गोंधळून मागे फिरला होता. म्हैसूरच्या बाणांची नळी लोखंडी होती, म्हणून तिच्यात दाब अधिक धरे आणि बाण लांब जाई. ते बाण इंग्लंडला नेऊन तपासले गेले आणि काही वर्षांतच विल्यम काँग्रीव्हची रॉकेटे तयार झाली. आपल्या इतिहासलेखनाने लढाया मोजल्या, नळ्या मोजल्या नाहीत. भाचीला लढाईत रस नव्हता. तिने एवढेच विचारले, "लोखंडाची नळी जड होत नव्हती का?" जड होत होती, पण दाबाने मिळे ते जडपणाने जाई त्याहून जास्त. हा जमाखर्च इतिहासाच्या एकाही पुस्तकाने मला शिकवला नव्हता.

त्या वेळी केळणेचे पात्र कोरडे होते. वेल्स्लीने समोरासमोरची दोन गावे पाहून मध्ये नदीला उतार असणारच असा अंदाज बांधला होता, हा त्या लढाईतला प्रसिद्ध प्रसंग. त्या साली कुणालाही कुठूनही उतरता आले असते.

दाजींविषयी अजून काही लिहिलेले नाही. त्यांनी या उद्योगाला विरोध केला नाही, कधी पाहायलाही आले नाहीत. त्यांचा सगळा जीव बागेत होता. नोव्हेंबरात त्यांनी एक बोअर घेतले, डिसेंबरात दुसरे. दुसरे साडेसहाशे फूट गेले आणि धूळ ओकून थांबले. बोअरची गाडी रात्रभर घरघरत होती. मी त्या रात्री तिथेच मुक्कामाला होतो. सकाळी भाचीने वहीत लिहिलेले पाहिले: काल आपण ३४ मीटर वर, दादा १९८ मीटर खाली. वडिलांना ती दादा म्हणते. खाली तिने काहीच टीप लिहिली नव्हती. मी वही मिटून ठेवली.

चौतीस मीटर ही बुचाची करामत नव्हे. बूच जाऊन अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप आला होता. ठिबकच्या सामानात पडलेला तुकडा बाटलीच्या तोंडात जणू मापाने केल्यासारखा बसला. बाटलीच्या गळ्याशी असलेली कड वायरमनच्या प्लास्टिक पट्ट्यांच्या डोक्यांनी धरून ठेवायची, पट्ट्यांभोवती एक कडे, कड्याला दोरी. दोरी ओढली की कडे खाली, पट्ट्या सैल, बाटली मोकळी. आता दाब बूच ठरवत नव्हते, आम्ही ठरवत होतो. साठ पौंडांवर आम्ही थांबलो. बाटली याहून अधिक सोसते, पण माझी छाती सोसत नव्हती. पंप नेहमी मी मारायचा आणि दोरी लांबून ओढायची, ही माझी अट.

जानेवारीत तालुक्याचे विज्ञान प्रदर्शन झाले. कोणत्या गावी, कोणत्या शाळेत, ते सांगत नाही. तिथे कुणाचेच काही चुकले नाही. बाटली खोलीत उडवता येत नव्हती, तेव्हा मेजावर ठेवली. मागे तक्ता लावला. तक्ता मी लिहिला होता, माझ्या वळणदार अक्षरात आणि माझ्या मराठीत. परीक्षकांनी साधाच प्रश्न केला, पंख मागेच का? साठ वेळा तिने ते हाताने अनुभवले होते. पण ती तक्त्याकडे वळली, 'दाबकेंद्र' या शब्दापाशी अडली, आणि पाठ केलेले वाक्य पहिल्या अर्ध्यानंतर तिला आठवेना. परीक्षक सभ्य होते. 'छान' म्हणून पुढे गेले. त्यांना वाटले असेल, कुणा मोठ्या माणसाने करून दिलेले दिसते. तक्त्यापुरते ते खरेच होते.

परतताना एसटीत ती काही बोलली नाही. मी म्हणालो, पुढच्या वर्षी पाहू. ती म्हणाली, "मामा, मला ते माझ्या शब्दांत सांगता आलं असतं." इंग्रजीने माझे अकरावीचे वर्ष घेतले, असे मी तीस वर्षे मनाशी म्हणत आलो होतो. बदनापूरच्या स्टँडवर उतरताना तो हिशेब मला पहिल्यासारखा मांडता येईना.

या प्रसंगाने मला वसंत गोवारीकर आठवत राहिले. भारतीय रॉकेटांच्या घन इंधनावर ज्यांनी काम केले आणि १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ यशस्वी झाले तेव्हा जे थुंब्याच्या केंद्राचे संचालक होते, ते हे मराठी शास्त्रज्ञ. पुढे त्यांनीच मोसमी पावसाच्या अंदाजाचे सोळा घटकांचे प्रारूप सिद्ध केले. १९८८ पासून हवामान खात्याने ते वापरले, आणि २००२ च्या दुष्काळात ते चुकल्यावर बाजूला ठेवले. बाण वर कसा जाईल याचे इंधन आणि पाणी खाली कधी येईल याचे गणित, दोन्ही एकाच माणसाने केले. मराठवाड्याच्या बाजूने पाहता दुसरे अधिक अवघड, यात शंका नाही.

भाचीने उड्डाणे थांबवली नाहीत. प्रदर्शन संपल्यावर तिने नवी वही केली. तीत माझा एकही शब्द नव्हता. दोन बाटल्या जोडून लांब रॉकेट केले, पंख लहान केले, आणि मोजण्याची पद्धत बदलली. वाऱ्याने रॉकेट वाहवले की एका बाजूच्या माणसाचा कोन फसवा येतो, म्हणून पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक असे दोन मोजणारे, मध्ये ऐंशी मीटर. आलेखाच्या कागदावर आठ सेंटिमीटरची रेघ, दोन टोकांना दोन कोन. रेघा जिथे छेदतील ती उंची. एका टोकाचा कोन चुकला तर उड्डाण बाद, हा तिचा नियम. पश्चिमेला मी. पूर्वेला ताई, किंवा शेजारचा एखादा मुलगा.

मार्चच्या शेवटी दाजींनी बाग तोडली. पंधरा वर्षांची झाडे. त्या वर्षी जिल्ह्यात अनेकांनी तोडली. टँकरने महिनाभर जगवली होती. मग एके दिवशी त्यांनी हिशेबाची वही बंद केली आणि कुऱ्हाडवाले बोलावले. मी रविवारी पोचलो तेव्हा लाकडे रचलेली होती, आणि जिथे आम्ही वाकून, फांद्या चुकवून बाटली सोडत असू, तिथे चारही दिशांना मोकळे रान होते. रॉकेट उडवायला इतकी उत्तम जागा त्या शिवारात दुसरी नव्हती. हे मी मनात म्हणालो आणि मलाच माझी लाज वाटली.

भाचीने त्या दिवशी काही उडवू नये असे ताईचे म्हणणे होते. तेवढ्यात दाजी घरातून बाहेर आले. त्यांनी खुंटीवरचा कोनमापक घेतला, दोऱ्याचे नट बोटांनी तपासले आणि पूर्वेकडे चालू लागले. चाळीस पावले मोजत गेले. त्यांचे पाऊल बरोबर मीटरचे पडते, हे मला तेव्हा कळले. मी पश्चिमेला गेलो. पंप त्या दिवशी तिनेच मारला.

रॉकेट उत्तम सुटले. मी इतक्या वेळा पाहिले होते की आवाजावरूनच कळले. ऐंशी मीटरवर दाजी एक डोळा मिटून, मान मागे टाकून, हात स्थिर धरून उभे होते. एवढे वर पाहताना मी त्यांना त्या वर्षी एकदाही बघितले नव्हते. मी माझा कोनमापक उचलला तेव्हा बाटली खाली येऊ लागली होती.

"किती, मामा?" तिने विचारले. माझ्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. दाजींनी आकडा सांगितला: बावन्न.

ती वही आजही तिच्याकडे आहे. उड्डाण ६३ च्या पानावर ऐंशी मीटरची पायरेघ आहे, आणि पूर्वेच्या टोकापासून बावन्न अंशांवर निघून कागदाच्या कडेपर्यंत गेलेली एकच रेघ.